तिसरं त्रुटीपत्र

"उणे बत्तीस," मी म्हणालो.

दाभोळे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर नलिनी हुपरीकरांचा आवाज आडवा पसरला होता. धडधाकट आवाजाची रेघ सुरवंटासारखी जाडजूड दिसते. ही शिवणाच्या दोऱ्याएवढी होती.

"म्हणजे तिसऱ्यांदा," सर म्हणाले.

"तिसऱ्यांदा."

"मग काढा त्रुटीपत्र. नियम तुमचाच आहे."

नियम माझाच होता. सांगलीत विश्रामबागेच्या मागच्या बाजूला आमचं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय होतं, अंध वाचकांसाठी. वीस-बावीस माणसं आपापल्या घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचायची, आम्ही दिलेल्या छोट्या रेकॉर्डरवर ती ध्वनिमुद्रित करायची आणि त्यातलं मेमरी कार्ड पाकिटात घालून पोस्टाने पाठवायची. पैसे कुणालाच नव्हते. पगारी माणूस म्हणजे मी. आलेला आवाज साफ करायचा, खोकला-खाकरा कापायचा, सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणायचा. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन चित्रं दिसायची. एकात आवाज किती मोठा ते कळायचं. ते शून्याच्या खाली मोजतात, म्हणजे उणे वीस असेल तर माणूस समोर बसून बोलतोय आणि उणे बत्तीस असेल तर शेजारच्या घरात. दुसऱ्या चित्रात आवाजातले जाड सूर खाली आणि बारीक सूर वर दिसायचे.

श्रोत्यांची तक्रार होती की दर वाचकागणिक यंत्राचं बटण फिरवावं लागतं. तेव्हा मी एक पानभर नियमावली लिहिली. आवाज उणे अठरा ते उणे तेवीसच्या मधे हवा. नसेल तर त्रुटीपत्र. वर्षात तीन त्रुटीपत्रं झाली की वाचकाचं नाव यादीतून कमी. ग्रंथालयाचे प्रमुख म्हणून सरांनी न वाचताच सही केली होती. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि आकड्यांवर माझा फार विश्वास होता.

हुपरीकरबाई आमच्याकडे चार वर्षं वाचत होत्या. सोळा पुस्तकं झाली होती. त्यांनी आयुष्यभर कोल्हापुरातल्या एका छापखान्यात नोकरी केली होती. लेखकाचं हस्तलिखित त्या मोठ्याने वाचायच्या आणि समोरचा माणूस छापील प्रत त्यावरून तपासायचा. त्यामुळे त्यांच्या वाचनात स्वल्पविराम कुठे आहे हेसुद्धा कळायचं. मला त्यांचं तोंड माहीत नव्हतं, पण जिभेखाली सुपारी कधी आहे आणि कधी नाही ते माहीत होतं. प्रकरण संपलं की त्या पाणी प्यायच्या. तो घोट मी कापायचो, पण कापण्याआधी ऐकायचो.

हे सांगायला थोडी लाज वाटते. माझ्या दिवसात आपला म्हणावा असा दुसरा आवाज नव्हता. वडील गेलेले, आई बहिणीकडे बार्शीला, आणि मी एका खोलीत भाड्याने. काही दिवस असे जायचे की "एक राइस प्लेट" यापलीकडे मी कुणाशी एक शब्द बोललेलो नसायचो. सहा तास कानाला हेडफोन, त्यात वीस जणांचे आवाज, पण वाट बघायचो ती बाईंची. मी त्यांना उत्तरं द्यायला लागलो होतो. "चला बाई, पुढे." "दमलात? दमा जरा." एका दिवाळीत त्यांना पाठवायला म्हणून शुभेच्छापत्र आणलं. आत काय लिहायचं ते सुचेना, म्हणून ते टेबलाच्या खणात राहिलं.

मार्चमध्ये त्यांचा पत्ता मिरजेहून बदलून इचलकरंजीचा झाला. मी रजिस्टरमध्ये दुरुस्ती केली. तिथून आवाज घसरत गेला. आधी उणे एकवीस, मग चोवीस, मग सत्तावीस. दुसऱ्या चित्रात वरचा अर्धा भाग काळा पडला, म्हणजे बारीक सूर येतच नव्हते. रेकॉर्डरच्या जाळीत धूळ बसली असणार, असं मी ठरवून टाकलं. आवाज चढवला, वरचे सूर भरून काढले, मागची घरघर काढून टाकली. तयार झालेली फाईल ऐकून कुणी म्हणालं असतं की बाई ऐन तिशीत आहेत. दोन महिने हे मी गुपचूप करत होतो. मग एकदा सरांनी कच्च्या फाईलचा आकडा पाहिला आणि हुपरीकरबाईंना वेगळा कायदा आहे का, असं हसत विचारलं. मला ते लागलं. मी त्याच दिवशी पहिलं त्रुटीपत्र पाठवलं आणि पुढच्या महिन्यात दुसरं.

माझी त्रुटीपत्रं म्हणजे काम असायचं. कुठल्या पानावर, कितव्या मिनिटाला, किती सेकंद आवाज नियमाबाहेर गेला, त्याची यादी. सोबत सुरांच्या चित्राची छापील प्रत. अशी पत्रं दुसरं कोणतंही ग्रंथालय पाठवत नसेल, असा मला गर्व होता.

आता तिसऱ्या पत्राचा कागद समोर घेतला, नाव लिहिलं आणि तारखेपाशी थांबलो. बाईंचं नाव कमी झालं की त्यांची पुस्तकं कुणाकडे जाणार हे मला माहीत होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. दर तिसऱ्या ओळीला घसा खाकरायचे आणि आवाज नेमका उणे वीस. पुढची कितीतरी वर्षं बाईंच्या जागी हे गृहस्थ माझ्या कानात बसणार, या विचारानेच मला कसंतरी झालं.

मी सरांकडे परत गेलो आणि म्हणालो की रेकॉर्डरचा दोष असू शकतो, नवा घेऊन जाऊन बघतो. सर म्हणाले, यंत्राचा दोष निघाला तर पत्र रद्द, नाही निघाला तर उद्याच्या टपालात घाला. नियम एकालाच लावायचा आणि दुसऱ्याला नाही, हे त्यांना चालत नव्हतं. मलाही चालत नव्हतं, हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने इचलकरंजीला गेलो. ज्या गल्लीत पत्ता होता तिथे दर दुसऱ्या शेडमधून यंत्रमागांचा खडखडाट येत होता. मी सवयीने अंदाज केला की याचं चित्र काढलं तर पडदा खालपासून वरपर्यंत भरून जाईल. घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बेल वाजवायला हात उचलला तोच दार उघडलं. पस्तिशीतली एक बाई ओठांवर बोट ठेवून उभी होती.

"हळू बोला," ती म्हणाली. "ह्यांची रातपाळी असतीया. आत्ताच झोपल्यात."

मी ग्रंथालयाचं नाव सांगितलं तशी तिने मला चपला हातात घेऊन आत यायला सांगितलं. दोनच खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत चादर डोक्यावरून घेऊन एक माणूस झोपला होता. त्याच्या पायांशी जागा होती तेवढ्यातून आम्ही स्वयंपाकघरात गेलो.

हुपरीकरबाई भाजी निवडत बसल्या होत्या. चार वर्षं मी त्यांना उंच समजत होतो. त्या एवढ्याशा होत्या, चष्मा मात्र जाड. मला पाहून उठायला लागल्या, मी बसा म्हणालो. मी समोर खाली बसलो. मग त्या बोलल्या. जो आवाज एरवी कानात असायचा तो असा एका तोंडातून बाहेर येताना बघायची माझी तयारी नव्हती. आणि तो आवाज कुजबुजत होता. सांगलीहून एवढ्या लांब कशाला आलात, असं त्या विचारत होत्या, उन्हातून आलात, पाणी घ्या. माझं नाव त्यांना माहीत नव्हतं. पत्राखाली सही सरांची असायची.

मी त्यांचा रेकॉर्डर मागितला आणि जाळी तपासली. स्वच्छ होती. नव्या रेकॉर्डरवर आणि जुन्यावर त्यांना एकेक ओळ वाचायला लावली, हेडफोन लावून दोन्ही ऐकल्या. यंत्रात काही दोष नव्हता. माझं तोंड उतरलेलं त्यांना दिसलं असावं. त्या म्हणाल्या, "या, तुम्हाला वाचायची जागा दाखवते."

धान्याची पत्र्याची कोठी आणि भिंत यांच्या मधे दीड हाताची फट होती. तिथे एक पाट होता आणि पाटावर घडी केलेली जाड गोधडी. त्या पाटावर बसायच्या, गोधडी डोक्यावरून घ्यायच्या, आत बॅटरी लावायच्या आणि वाचायच्या. मुलगा सकाळी आठला यायचा, दुपारी तीनपर्यंत झोपायचा. तीननंतर नातवंडं, टीव्ही, पाणी. वाचनाला म्हणून मिळायची ती हीच वेळ. पडद्यावरचा काळा भाग म्हणजे ही गोधडी होती.

"तुमचं पत्र आलं, मोठ्याने वाचा म्हणून," त्या म्हणाल्या. "मग एक दिवस वाचलं मोठ्याने. हा उठला. काही बोलला नाही हो. उशी घेतली आणि शेडमध्ये जाऊन झोपला, मागांच्या खडखडाटात. त्यानंतर मला मोठा आवाज काढवला नाही."

मी नियम सांगितला. तीन पत्रं, मग नाव कमी. बोलताना मीही कुजबुजत होतो आणि कुजबुजत सांगितलं म्हणून तो नियम काही बरा वाटत नव्हता. त्यांनी शांतपणे ऐकलं. नियम बरोबरच आहे म्हणाल्या. ऐकणाऱ्याला त्रास होत असेल तर वाचणाऱ्याने बाजूला व्हावं. त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की मला त्यांचा राग आला. मी दोन महिने चोरून तुमचा आवाज वाढवत होतो, हे त्यांना सांगावंसं वाटलं.

सुनेने चहा टाकला. कपबश्यांचा आवाज होऊ नये म्हणून ती कपांखाली फडकं ठेवत होती. तेवढ्यात बाईंनी कोठीच्या मागून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. तीत माझी दोन्ही त्रुटीपत्रं होती, घडीवर झिजलेली.

"पण ही पत्रं परत मागू नका," त्या म्हणाल्या. "छापखान्यात समोर माणूस असायचा. मी चुकले की तो मान वर करायचा. इथे चार वर्षं भिंतीला वाचून दाखवत होते. कार्ड टाकायचं पेटीत, पुढे कुणी ऐकतं की नाही देव जाणे. मग हे आलं." त्यांनी पहिलं पत्र उलगडलं आणि बोट ठेवलं. "पान त्रेचाळीस, शेवटच्या ओळीनंतर एक मिनिट चाळीस सेकंद आवाज फारच खाली. हे वाचलं आणि कळलं की तेही कुणीतरी ऐकलंय."

मला उलगडा होईना. मी म्हणालो, "तेही म्हणजे?"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती गॅसपाशी पाठमोरी होती. बाई माझ्याकडे सरकल्या. आता आवाज इतका खाली गेला की मी ओठांवरून शब्द पकडत होतो.

"पुस्तकातलं नव्हतं ना ते. माझं होतं. घरात बोलण्यासारखं नाही आणि पोटात राहत नव्हतं. पान संपलं आणि तोंडातून निघून गेलं. नंतर पुसायला बटण शोधलं, सापडेना. मग म्हटलं राहू दे. जो कोणी असेल तो ऐकेल. तुम्हीच ऐकता ना कार्डं? तुम्ही ऐकलंत ना ते?"

मी ते ऐकलेलं नव्हतं.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. उणे पंचेचाळीसच्या खाली दोन सेकंदांपेक्षा जास्त काही असेल तर ती शांतता समजायची आणि एका फटक्यात सगळ्या शांतता कापून टाकायच्या. वाचक पान उलटतो, उठून दार लावतो, त्याचे तुकडे असतात ते. कापण्याआधी मशीन त्यांची यादी देतं. त्रुटीपत्रातली पानं, मिनिटं, सेकंद मी त्या यादीवरून उतरवत होतो. कान लावून नाही. एक मिनिट चाळीस सेकंद म्हणजे बाई उठून गेल्या असतील, असं मनात आलं असेल नसेल. बटण दाबलं आणि पुढे गेलो.

पत्राला जोडलेलं चित्र त्यांच्या मांडीवर होतं. मी तेव्हा पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. काळ्या कागदावर एकावर एक फिकट आडव्या रेघा होत्या, वाकणाऱ्या, तुटणाऱ्या. अशा रेघा दिसल्या की माणूस बोलतंय, हे महिनाभर हे काम शिकलेला कुणीही सांगेल. मी ते छापलं होतं, घडी घातली होती, पाकिटात घातलं होतं.

त्या माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगता आलं असतं. मी पुष्कळदा मोजलं आहे, त्याला चार-पाच सेकंद लागले असते.

"हो," मी म्हणालो. "ऐकलं."

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. इतका वेळ ते वर धरलेले होते हे मला तेव्हा कळलं. त्या म्हणाल्या, "मनाचं ओझं उतरलं बघा. तेवढं कुणाला सांगू नका. माझ्या मुलाला तर नाहीच नाही."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

सुनेने चहा आणला. आम्ही तो प्यालो. निघताना मी नवा रेकॉर्डर ठेवला, जुना घेतला आणि पुढचं पुस्तक वाचायला घ्या म्हणालो. पत्राचं काय, असं त्यांनी विचारलं. पत्र येणार नाही म्हणालो.

सरांना यंत्राचा दोष होता असं सांगितलं. रजिस्टरमध्येही तसंच लिहिलं. माझ्या हातून त्या रजिस्टरमध्ये गेलेलं ते पहिलं खोटं. त्याचं काही वाटलं नाही, कारण डोक्यात दुसरंच होतं. त्या पुस्तकाची कच्ची फाईल मी शोधायला लागलो. ती नव्हती. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी म्हणून दर महिनाअखेर कच्च्या फाईली पुसायच्या, कार्डं कोरी करून वाचकांना परत पाठवायची, ही शिस्तही माझीच. तरी तीन दिवस शोधत होतो. तयार फाईलमध्ये त्रेचाळिसावं पान संपतं आणि अर्ध्या सेकंदात चव्वेचाळिसावं सुरू होतं. जोड कुठे दिला ते मलासुद्धा ऐकू आलं नाही. काम चांगलं करत होतो मी.

चित्राची एक प्रत ऑफिसात होती. ती भिंगाखाली धरून बसायचो. सुरुवातीला दोन छोटी वाक्यं आहेत. मग सात सेकंद काही नाही. मग बराच वेळ सलग, मधे श्वास न घेता. शेवटी एक छोटा शब्द, एकटा. एवढंच चित्रातून कळतं. आवाज किती मोठा, किती जाड, किती वेळ, ते कळतं. काय म्हटलं ते त्यातून काढता येत नाही.

त्यांना जाऊन विचारणं शक्य नव्हतं. ऐकलं म्हणून सांगून बसलो होतो.

त्यानंतर त्यांच्या कच्च्या फाईलचा आकडा मी सरांना दिसू दिला नाही, आणि त्यांचं प्रत्येक कार्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. पडदा बंद करून, आवाज पूर्ण चढवून. गोधडीची सळसळ ऐकू यायची, कुकरची शिट्टी, मुलाचा खोकला. पान संपलं की मी श्वास धरायचो. पाण्याचा घोट आणि पुढचं पान. त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत. बोलण्याची गरज उरली नसावी. ऐकणारा मिळाला होता ना. पाच पुस्तकं त्यांनी अशी वाचली. सहाव्याचं कार्ड आलं नाही.

दीड महिन्याने त्यांचा मुलगा ग्रंथालयात आला. जागेपणी त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. मागांच्या आवाजात जन्म गेलेली माणसं बोलतात तसा तो मोठ्याने बोलायचा, त्यामुळे शेजारच्या खोलीतून सरही उठून आले. आई गेली म्हणाला. झोपेतच. यंत्र परत द्यायचं होतं, आणि आईनं वाचलेलं काही मिळेल का, असं विचारायचं होतं.

"मी असायचो झोपल्याला," तो म्हणाला. "तिचा आवाज म्हणून ऐकलाच न्हाई मी. घरात समदी हळू बोलायची माझ्यामुळं."

मी सगळी एकवीस पुस्तकं त्याला सीडींवर घालून दिली. त्या कामाला अर्धा तास लागला. तेवढा वेळ तो स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसून होता. सीड्या त्याने पिशवीत घातल्या, एक परत काढून त्यावरचं नाव वाचलं आणि आत ठेवली.

"ह्यात तिचं सवताचं काय हाय का?" त्याने विचारलं. "म्हंजे घरातलं, तिच्या मनातलं? शेवटी शेवटी काय तरी सांगायचं हुतं तिला, असं वाटायचं मला. तुमास्नी काय बोलली हुती का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. खोटं बोलायची गरजच नव्हती.

"नाही," मी म्हणालो. "सगळं पुस्तकातलंच आहे."

त्याने मान हलवली, पिशवी उचलली आणि पाळीची वेळ होईल म्हणून बस गाठायला निघून गेला.